विकलेली गच्ची

फ्लॅट बघायला गेलो तेव्हा मी कापडी टेप सोबत नेला होता. बिल्डरला त्याचं हसू आलं. "काकाजी, मोजून काय राहिले? नकाशात सगळं लिहून आहे," तो म्हणाला. मी म्हटलं, नकाशा तुमचा, टेप माझा. त्याने हसत हसत टेपचं दुसरं टोक धरलं आणि आम्ही भिंतीपासून भिंतीपर्यंत सगळ्या खोल्या मोजल्या. बारा फुटांची सांगितलेली खोली साडेअकरा भरली. तो म्हणाला, प्लास्टर. मी ते मान्य केलं, कारण प्लास्टरला जाडी असते. स्वयंपाकघराचा ओटा, खिडक्यांच्या चौकटी, मोरीचा उतार, सगळं पाहिलं. मोरीत बादलीभर पाणी ओतून ते कुठल्या बाजूला वाहतं तेही पाहिलं.

ही सवय नोकरीतली. कोराडीच्या वीज केंद्रावर मी कोळशाच्या वजनकाट्यावर होतो. भरलेला ट्रक काट्यावर आला की वजन, रिकामा होऊन परत आला की पुन्हा वजन, आणि वजाबाकीत उरतो तो कोळसा. ऐकायला सोपं आहे. पण भरल्या ट्रकमध्ये क्लीनरला बसवून ठेवायचं आणि रिकाम्या ट्रकमधून त्याला आधीच उतरवायचं, म्हणजे त्याचंही वजन कोळशात जमा होतं, ही युक्ती तिथे रोज कुणी ना कुणी करून बघायचं. त्यामुळे मी ट्रकच्या आत डोकावल्याशिवाय आकडा लिहीत नसे. वीस वर्षं असं डोकावून काढल्यावर घर घेताना मी फसेन असं मला वाटलं नव्हतं. आणि फसलो ते अशा जागी, जिथे नागपुरात वाढलेल्या कुठल्याच माणसाला डोकावायचं सुचलं नसतं.

आधी घर का घ्यायचं होतं ते सांगतो. कोराडीच्या वसाहतीत आम्हा दोघांना आणि मुलांना मिळून क्वार्टर होतं आणि ते वाईट नव्हतं. पाणी भरपूर, बस दारात, शेजारी चांगले. पण तिथे राख होती. वारा आमच्या बाजूला फिरला की दोरीवरचे कपडे करडे व्हायचे, तुळशीची पानं करडी व्हायची. उन्हाळ्यात गच्चीवर अंथरुणं घालून झोपावं तर सकाळी उशीवर डोक्याचा आकार तेवढा पांढरा आणि भोवती करडं. याची सवय मला झाली होती. बायकोला झाली नाही, ती कुरडयांमुळे.

ज्यांनी घरात कुरडया केल्या नाहीत त्यांना हे क्षुल्लक वाटेल. गहू तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं, मग वाटून त्यांचा चीक काढायचा, रात्रभर निवळू द्यायचा आणि पहाटे तो चुलीवर हाटायचा, म्हणजे सारखा ढवळत शिजवायचा. हाटून झाला की तो थांबत नाही. गरम आहे तोवर सोऱ्यातून दाबून कापडावर कुरडया घालायच्या, नाहीतर गोळा होऊन बसतो. म्हणून हे काम एकटीचं नाही. एक हाटते, एक दाबते, एक कापड सरकवते आणि एक नुसत्या गप्पा मारते, पण तीही लागते. आणि या सगळ्याला वर मोकळं ऊन लागतं. बायको दरवर्षी एवढं करायची आणि दरवर्षी तिच्या पांढऱ्या कुरडयांवर राखेचे बारीक ठिपके बसायचे. तळल्यावर ते फुलून मोठे व्हायचे. माझ्या साळ्याने एकदा ताटातली कुरडई उजेडात धरून विचारलं, "बाई, याच्यात तीळ टाकले का वं?" बायको हसली नाही. त्या रात्री ती म्हणाली, "आता शहरात पाहा जी घर. लहान असन तं चालन. पण वर साफ हवा पाह्यजे."

शहरात तेव्हा नुकती फ्लॅटची पद्धत सुरू झाली होती. रामदासपेठेतल्या जागा आमच्या ऐपतीच्या बाहेर होत्या. मग जुन्या वस्तीच्या कडेच्या तलावाकाठी फ्लॅट निघाल्याचं कळलं. तो तलाव मी लहानपणापासून ओळखत होतो. काठावर म्हशींचे गोठे, धोब्यांचे दगड, लाकडाची टाल, म्हणजे वखार. दुरूनच वास यायचा आणि कपडे आपटल्याचा आवाज यायचा. आता ते सगळं काढून टाकलं होतं. बांध नव्याने दगडी केला होता, त्यावर फिरायला फरशीचा रस्ता, लोखंडी कठडा, दिवे, बोगनवेल. मागे तीन-तीन मजल्यांच्या नव्या इमारती. इतकी शांतता की पाण्यावर बगळा उतरला तरी ऐकू यावं. गोठेवाले आणि धोबी कुठे गेले, असं मी बिल्डरला विचारलं. तो म्हणाला, "त्यांना दिली न जागा, रिंग रोडच्या पलीकडे. तुम्हाला काय करायचं त्यांचं? तुम्ही शांती बघा." मी शांती बघितली. ते उत्तर मला तेव्हा पुरेसं वाटलं होतं, हेही इथे लिहून ठेवतो.

मी मोरीचा उतार तपासत होतो तेव्हा बिल्डर बायकोला घेऊन वर गच्चीवर गेला. मागोमाग मीही गेलो. जिन्याच्या टोकाला दार होतं आणि ते सताड उघडं होतं. त्याला कडी होती, कुलूप नव्हतं. वर नवी कोरी, झाडून घेतलेली गच्ची, आणि समोर अख्खा तलाव. बिल्डरने आमच्यासाठी चहा वर मागवला. "वहिनी, हा नजारा बघा. उन्हाळ्यात इथे झोपा, कूलर नाही लागणार." बायकोने पदर वाऱ्यावर धरून पाहिला, मग हात गच्चीवर फिरवून तळवा बघितला. तळवा स्वच्छ होता. तिने तो मला दाखवला. "वारा तलावावरून येऊन राहिला," ती म्हणाली. "घेऊन टाका."

म्हणून आम्ही तळमजल्यावरचा तो फ्लॅट घेतला. भविष्यनिर्वाह निधीतून उचल केली, उरलेलं कर्ज काढलं. मी पावती पावती तपासली. पण गच्ची कुणाची, हा प्रश्न मी विचारला नाही. नागपुरात कुणी विचारला असता? जिन्यावर भाडं नसतं, उंबऱ्यावर भाडं नसतं, तसं गच्चीवर नसतं. मे महिन्यात अख्खं शहर गच्चीवर झोपतं. ज्याच्या डोक्यावर स्लॅब आहे तो वर जातो. मी ज्या घरांत भाड्याने राहिलो त्यांतल्या सगळ्यात खडूस घरमालकानेही नळाचं पाणी तोडलं, विजेचा दिवा काढून नेला, पण गच्ची कधी बंद केली नाही.

दिवाळीनंतर राहायला आलो. हिवाळा छान गेला. संध्याकाळी बांधावर फिरून येत होतो. शेजार चांगला होता. आमच्या वर एक बँकेतले गृहस्थ, आणि सगळ्यात वरच्या मजल्यावर वनखात्यातून निवृत्त झालेले साहेब आणि त्यांच्या पत्नी. साहेब फार सभ्य. जिन्यात भेटले तर आधी तेच नमस्कार करायचे. त्यांच्याकडे गुलाबाच्या कुंड्यांनी भरलेला टेम्पो आला, तेव्हा वर चढवायला मीही दोन कुंड्या उचलल्या. गच्ची शोभिवंत होणार म्हणून मला बरंच वाटलं होतं.

होळी झाली आणि बायकोने गहू भिजवले. पहाटे उठून चीक हाटला. कोराडीहून तिची मैत्रीण मुद्दाम पहिल्या बसने आली होती. दोघी कापडं, सोऱ्या आणि फडक्यात धरलेलं गरम पातेलं घेऊन वर गेल्या. मी मागून पाट घेऊन निघालो होतो. जिन्याच्या वळणावर मला दोघी उभ्या दिसल्या. दाराला कुलूप होतं. पितळेचं, मोठं.

मी साहेबांच्या दारावर टकटक केलं. ते लगेच आले, दाढीला साबण लावलेला. "अहो, गच्ची आम्ही घेतलेली आहे," ते अगदी सौम्यपणे म्हणाले. "आपल्याला कल्पना नव्हती का? बिल्डरने वेगळी विकली आम्हाला. मला निवांतपणा हवा होता आणि गुलाबांना ऊन. रीतसर घेतलेली आहे."

मी काही बोलायच्या आत बायको म्हणाली, "साहेब, चीक गोळा होऊन राहिला. आजच्या दिवस उघडा, मंग पाहू."

साहेबांना खरोखरच वाईट वाटलेलं दिसलं. पण रात्रीच कुंड्यांना औषध फवारलं आहे, खायच्या वस्तू तिथे घालणं बरं नाही, असं ते म्हणाले. औषधाचा वास दाराच्या फटीतून येतच होता.

दोघी खाली उतरल्या. आमच्या घरापुढे मोटारी ठेवायची जागा, तिथे सावली. बायकोने एकदा इकडेतिकडे पाहिलं आणि सरळ रस्ता ओलांडून बांधावर गेली. फरशीवर कापडं अंथरली, कठड्याला पाठ लावून बसली आणि कुरडया घालायला लागली. पातेल्यातला अर्धा चीक तोवर घट्ट झाला होता. उरलेल्याच्या कुरडया झाल्या, चांगल्या पांढऱ्या झाल्या. पाण्याच्या काठावर दोन बायका आणि पांढऱ्या कुरडयांच्या रांगा. मला ते दृश्य आवडलं होतं. पण नऊच्या सुमारास चौकीदार आला. त्याने काठीने पाटी दाखवली. बांधावर कपडे धुऊ नयेत, वाळवू नयेत, जनावरं आणू नयेत.

"हे कपडे नाही, कुरडया आहेत," मी म्हटलं.

"वाळवून तं राहिले न, बाबूजी," तो म्हणाला. "कॉलनीतून तक्रार आली. मले काय, मी उद्या इथं पापड वाळवले तं मलेच काढतीन."

ओल्या कुरडया उचलता येत नाहीत. कापडासकट उचलल्या तर एकमेकींवर पडून त्यांचा लगदा होतो. तो झाला. मैत्रीण पातेलं घासून दुपारच्या बसने परत गेली. मी बांधावर उभा राहून ती पाटी पुन्हा वाचली. ज्यांना हलवून ही शांतता तयार केली होती त्यांच्यासाठी ती लिहिली होती, आणि आता ती आम्हाला लागू झाली होती. धोबी काठावरून गेला तेव्हा तो कुठे गेला एवढंच मी विचारलं, आता त्याची वाळवायची जागा कुठे हे विचारलं नाही. माझी बायको काठावरून उठली तेव्हा आमच्या इमारतीतल्या कुणीही विचारलं नाही.

संध्याकाळी मी बिल्डरच्या ऑफिसात गेलो. त्याने खुर्ची दिली, थम्सअप मागवली. मी ती घेतली नाही.

"गच्ची तुम्ही आम्हाला दाखवली," मी म्हटलं. "तिथे चहा पाजला. झोपा म्हणालात."

"दाखवली न, काकाजी. तलावही दाखवला. तलाव काय तुमच्या नावावर केला?"

"मग विकली हे का नाही सांगितलं?"

"तुम्ही विचारलंच नाही," तो म्हणाला, आणि हे तो चिडून नाही, अगदी प्रेमाने म्हणाला. "टेप घेऊन आले, मोरीत पाणी टाकून पाहिलं, सगळं विचारलं. मला वाटलं, या माणसाला गच्ची नको असेल."

त्या क्षणी मला काट्यावरचा क्लीनर आठवला. सौदा भरायचा होता तेव्हा गच्ची गाडीत बसवली, आणि गाडी आमच्या दारात रिकामी व्हायच्या आधी तिला मागच्या मागे उतरवलं. वजनाचे पैसे आम्ही दिले, माल दुसऱ्याला गेला. आणि तीच गच्ची त्याने किती जणांच्या गाडीत बसवली असेल, हे मी दुसऱ्या दिवशी बँकवाल्यांना विचारलं. त्यांनाही वर नेऊन चहा पाजला होता.

मी म्हटलं, आपण सगळे मिळून बोलू. साहेबांकडे गेलो. साहेब प्रामाणिक होते. त्यांनी सांगितलं की त्यांनी जे दिलं तेवढं सगळ्यांनी मिळून त्यांना परत केलं तर ते गच्ची सगळ्यांच्या नावाने करून देतील, वर एक पैसा नको. इतकं सरळ बोलणं मी त्या व्यवहारात दुसऱ्या कुणाचं ऐकलं नाही. मी वाटण्या काढून बँकवाल्यांपुढे ठेवल्या. ते म्हणाले, "बिल्डरने फसवलं त्याचे पैसे आपण काहून भरायचे? आणि साहेब तसे चांगले आहेत. उन्हाळ्यात देतील किल्ली." बाकीच्यांनीही थोड्याफार फरकाने हेच सांगितलं. आपलं काही गेलं आहे, हे कुणाला वाटतच नव्हतं. चांगला माणूस वर राहतो, एवढं त्यांना पुरत होतं. माझ्या संतापाचा अर्धा वाटा बिल्डरचा असेल, तर उरलेला या उत्तराचा आहे.

एप्रिल लागला. तळमजल्याच्या भिंती संध्याकाळी हात लावला तरी गरम असायच्या. आम्ही खिडकीत कूलर बसवला. त्याच्या घरघरीत झोपलो. वर तलावावरचा वारा गुलाबांवरून जात होता.

एके दिवशी साहेबांच्या पत्नी खाली आल्या. त्या मूळच्या अमरावतीच्या, बोलायला मोकळ्या. त्यांची मुलगी बाळंतपणाला यायची होती आणि तिला कुरडया पाहिजे होत्या. गहू भिजवून झाले होते. त्या दारातच उभ्या राहिल्या. "एकटीले नाही होत वं ताई," त्या म्हणाल्या. "तुमी येता का उद्या?"

बायको भाजी निवडत होती. तिने मान वर केली नाही. "गच्ची तं घेतली न तुमी, बाई. बिल्डरकडून दोन हात घेतले नाही का संगं?"

बाई म्हणाल्या, "मी नाही घेतली. यायनं घेतली. मले विचारलं असतं तं मी म्हटलं असतं, इतक्या मोठ्या गच्चीवर एकटी जाऊन काय करू."

बायकोने भाजी बाजूला सारली. "किती पायली भिजवले?" तिने विचारलं.

दुसऱ्या दिवशी कुंड्या एका कोपऱ्यात गेल्या, गच्ची धुतली गेली, आणि इमारतीतल्या सगळ्या बायका वर होत्या. त्यांच्या हसण्याचा आवाज खालपर्यंत येत होता. तलावाकाठी राहायला आल्यापासून इतका मोठा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. संध्याकाळी साहेब स्वतः किल्ली घेऊन आले. म्हणाले, "केव्हाही लागली तर मागून न्या. संकोच करू नका."

मी किल्ली घेतली नाही. बायकोने घेतली. साहेब गेल्यावर मी तिला सांगितलं की जी वस्तू आपण विकत घेतली असं समजून आयुष्याची पुंजी घातली, ती मागून न्यायची नाही. लेखी हक्क असेल तर वर येईन.

"वारा काय कागद पाहून येते का?" ती म्हणाली आणि अंथरुणं घेऊन मुलांबरोबर वर गेली.

महिनाभर मी खाली झोपलो. मग एकदा वीज गेली, कूलर थांबला, आणि मीही वर गेलो. साहेब कुंड्यांना पाणी घालत होते. मी त्यांना विचारलं, खाट कुठे टाकू. ते म्हणाले, कुठेही टाका. पण विचारावं लागलं. परक्याच्या घरी पाहुणा झोपतो तसा मी हात अंगाशी घेऊन झोपलो. वारा उत्तम होता, हे नाकारत नाही.

असे चार उन्हाळे गेले. बायकोच्या कुरडया शुभ्र झाल्या. साळ्याने तळलेली कुरडई उजेडात धरली आणि काही न बोलता खाल्ली. मी दर उन्हाळ्याच्या सुरुवातीला बँकवाल्यांना म्हणत असे की आता तरी साहेबांकडून रीतसर करून घेऊ. ते म्हणायचे, भाऊ, किल्ली खिळ्यावर लटकलेली आहे, तुम्ही कुलपाचं काय घेऊन बसले.

मग साहेबांना मुलाने पुण्याला बोलावलं. त्यांनी फ्लॅट विकला आणि सोबत गच्चीही विकली, कारण ती त्यांची होती. जाताना साहेबांनी माझा हात हातात घेतला आणि म्हणाले की नव्या मालकांना त्यांनी सांगून ठेवलं आहे. सांगून ठेवलं असेलही. नव्या मालकांनी पावसाळ्याच्या आत गच्चीवर विटांच्या भिंती घातल्या, वर पत्रे टाकले आणि तिथे दोन खोल्या करून भाड्याने दिल्या. मी वर जाऊन विचारलं, तेव्हा ते म्हणाले, "आमची जागा आहे, काका. तुम्हाला काही कागद आहे का?" मला त्यांचा राग आला नाही. तो प्रश्न मीच इतकी वर्षं सगळ्यांना विचारत होतो.

बँकवाले त्या दिवशी जिन्यात भेटले. म्हणाले, "अन्याय आहे हा." मी त्यांच्याशी बोललो नाही. आजही फारसं बोलत नाही.

या वर्षी होळीनंतर बायकोने भिजवलेले गहू डब्यात भरले आणि आम्ही कोराडीच्या बसमध्ये बसलो. आमच्या जुन्या क्वार्टरच्या ओळीतच तिची मैत्रीण अजून राहते. पहाटे दोघींनी चीक हाटला. मैत्रिणीने गच्चीचं दार पायाने ढकललं. ते उघडंच होतं. शेजारच्या दोघी तिघी न बोलावता वर आल्या. मी कठड्याला टेकून उभा होतो. दूर कोळशाचे ट्रक काट्याकडे वळत होते. वारा आमच्याच बाजूला होता.

त्या कुरडया आम्ही परवा तळल्या. बायकोने एक उचलून खिडकीच्या उजेडात धरली. खिडकीतून तलाव दिसतो. तलाव शांत होता, बांधावर कुणी नव्हतं. कुरडईवरचे ठिपके तिने बघितले आणि ती माझ्या ताटात ठेवली.

"खा," ती म्हणाली. "तीळ हायेत."